‘जर’चे स्वातंत्र्य आणि ‘तर’चे बंधन : मराठी विज्ञानकथेतील विज्ञानाचे अधिष्ठान

१

विज्ञानकथा या सामासिक शब्दाचा विग्रह अनेक प्रकारांनी करता येतो. विज्ञानाविषयीची कथा, विज्ञानाने युक्त अशी कथा, विज्ञानातून निष्पन्न झालेली कथा, हे सारेच विग्रह व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. परंतु त्यांपैकी एकानेही या वाङ्मयप्रकाराचे मर्म हाती लागत नाही. कथेत प्रयोगशाळा आहे, पांढरा डगला घातलेला शास्त्रज्ञ आहे, चार-दोन पारिभाषिक शब्द आहेत, एवढ्यावरून ती विज्ञानकथा ठरत नाही. आणि यांपैकी काहीही नसताना एखादी कथा विज्ञानाशी पूर्ण इमान राखून असू शकते. तेव्हा कथेत विज्ञान नेमके कोठे वास करते, हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे.

त्याचे उत्तर शोधताना शब्दापेक्षा वाक्याकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. लोककथेचे बीजवाक्य अस्तित्ववाचक असते. ‘एक होता राजा’ असे सांगितले की श्रोत्याने त्या राजाचे अस्तित्व निमूटपणे मान्य करावयाचे. पुढे राक्षस आला, बोलणारा पोपट आला, तरी श्रोता हरकत घेत नाही. कारण तेथील प्रत्येक आश्चर्य हे स्वतंत्र विधान असते व त्याला मागच्या विधानाचा जामीन लागत नाही. विज्ञानकथेचे बीजवाक्य संकेतार्थी असते. ‘जर असे झाले, तर काय होईल?’ हा तिचा मूळ प्रश्न होय.

मराठीत या संकेतार्थाची दोन रूपे स्पष्टपणे वेगळी राहतात. ‘पाऊस पडला तर पीक येईल’ या वाक्यात शक्यता खुली आहे. ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ या वाक्यात ती मिटलेली आहे. बहुतेक विज्ञानकथा पहिल्या रूपाने चालतात. दुसरे रूप क्वचित येते. आणि ते आले म्हणजे लेखकाला अधिक श्रम पडतात. डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत १७६१ च्या पानिपतच्या रणात विश्वासराव वाचले असते तर काय झाले असते, असा मिटलेल्या शक्यतेचा संकेत आहे. ती शक्यता पुनः उघडण्यासाठी सूक्ष्म कणांच्या वर्तनातील अनिश्चिततेचा आधार लेखकाला घ्यावा लागला. ऐतिहासिक कल्पित आणि विज्ञानकथा यांची सीमा या एका आधाराने आखली गेली आहे.

‘जर’ हा वाक्याचा भाग लेखकाच्या मालकीचा असतो. तेथे तो वाटेल ते गृहीत धरू शकतो व त्याबद्दल कोणी त्याला पुरावा मागू नये. ‘तर’ हा भाग मात्र त्याच्या मालकीचा नाही. एकदा ‘जर’ उच्चारल्यावर त्यातून काय निघेल हे निसर्गनियम ठरवितात आणि लेखकाने ते केवळ शोधून काढावयाचे असते. विज्ञानकथेतील विज्ञान या ‘तर’मध्ये असते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. ते तपासून पाहण्यासाठी प्रथम या प्रकाराच्या जगप्रसिद्ध दोन पूर्वसूरींकडे, नंतर मराठी परिभाषेकडे आणि शेवटी वऱ्हाडच्या भूमीकडे वळणे इष्ट ठरेल. कारण ‘तर’ न विचारण्याची किंमत या प्रदेशाने साहित्याबाहेरही मोजलेली आहे.

२

मराठी वाचकाला या वाङ्मयाचा पहिला परिचय भाषांतराच्या द्वारे झाला. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या १८६५ मधील चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे ‘चंद्रलोकची सफर’ हे मराठी रूप १९०० मध्ये ‘केरळकोकिळ’ मासिकातून प्रसिद्ध झाले. या कादंबरीतील प्रवासी तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे जातात. तोफेची लांबी नऊशे फूट आहे आणि गोळ्याचा वेग सेकंदाला बारा हजार यार्ड, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर, आहे. हे दोन आकडे हाती आले की शाळेतील गणिताने पुढचा हिशेब करता येतो. एवढ्या लांबीत एवढा वेग गाठावयाचा तर प्रवाशांच्या शरीरावर त्यांच्या वजनाच्या बावीस हजार पटींच्या आसपास भार पडेल. व्हर्नने धक्का शोषून घेण्यासाठी पाण्याची योजना केली आहे; परंतु एवढ्या भाराखाली ते प्रवासी तोफेच्या तोंडापर्यंतही जिवंत पोहोचणार नाहीत.

यावरून व्हर्नचे विज्ञान खोटे ठरले असे कोणी म्हणेल. वस्तुतः येथे व्हर्नचा मोठेपणा दिसून येतो. त्याने लांबी दिली, वेग दिला, दारूगोळ्याचे परिमाण दिले. म्हणून त्याची चूक सापडते. ज्या कथेत नायक ‘काही विशिष्ट किरणांच्या साहाय्याने’ चंद्रावर जातो, तिच्यात चूक सापडूच शकत नाही, कारण तिच्यात काही सांगितलेलेच नसते. चूक ठरण्याइतके निश्चित असणे हा विज्ञानाचा एक धर्म आहे, आणि तो धर्म पाळणारी कथा चुकली तरी विज्ञानाच्या कक्षेतच चुकते.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने १९०१ मधील आपल्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत तोफ टाळली आणि गुरुत्वाकर्षण अडविणारा एक पदार्थ कल्पिला. अशी वस्तू दाखवा तरी, असा व्हर्नचा तिच्यावर आक्षेप होता. परंतु ‘जर’च्या जागी असा पदार्थ मानण्याचा वेल्सला पूर्ण अधिकार होता. विचारावयाचे ते ‘तर’विषयी. वेल्सने एक ‘तर’ उत्तम पाळला आहे : त्या पदार्थाचा पत्रा तयार होताच त्याच्यावरची हवा वजनहीन होऊन वर उसळते. दुसरा ‘तर’ मात्र त्याच्या हातून निसटला. असा पत्रा दगडाखाली सरकवला तर दगड विनासायास वर नेता येईल, आणि पत्रा काढून घेतला तर तोच दगड खाली पडताना काम करील. म्हणजे काही खर्च न करता अखंड ऊर्जा मिळू लागेल. ज्या जगात असा पत्रा आहे त्या जगात कोळशाच्या खाणी राहणार नाहीत. तेथील मजूर, व्यापारी आणि राज्यकर्ते यांचे काय होईल, ही चंद्रप्रवासाहून कितीतरी मोठी कथा होती. विज्ञानाचे बंधन कल्पनेला मारक ठरते या समजुतीला हे एकच उदाहरण पुरेसे उत्तर आहे. बंधन पाळले असते तर वेल्सच्या हाती अधिक कथा लागली असती.

३

मराठीत श्रीधर बाळकृष्ण रानडे यांच्या ‘तारेचे हास्य’ (१९१५) या कथेचा निर्देश आरंभीची स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून केला जातो. तथापि या प्रकाराला खरी प्रतिष्ठा लाभली ती १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धांमुळे. १९७४ च्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि ते नाव जयंत विष्णु नारळीकर यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून घेतले होते असे पुढे उघड झाले. सिद्धहस्त खगोलशास्त्रज्ञाने मराठीत कथा लिहावी ही घटना मोठी होती. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर प्रभृतींच्या लेखनाने हा प्रवाह पुढे रुंदावला. २०२१ मध्ये नाशिक येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

‘कृष्णविवर’ हा शब्दच भाषेच्या अभ्यासकाला विचार करावयास लावतो. मराठीची शास्त्रीय परिभाषा बहुतांशी संस्कृत धातूंवरून व पदांवरून घडविलेली आहे. त्यामुळे शब्द ऐकताच त्याचा अवयवार्थ वाचकाच्या मनात उभा राहतो. हा या परिभाषेचा गुण समजला जातो. कथेत मात्र तो गुण घातक ठरू शकतो. विवर म्हणजे बीळ, भोक, पोकळी. कृष्णविवर ही वस्तू पोकळी नाही. प्रकाशही निसटू शकणार नाही इतके प्रचंड द्रव्य इतक्या अल्प जागेत कोंडले गेल्याने ती निर्माण होते. मूळ इंग्रजी शब्दातही हाच दोष आहे. अवयवार्थावर विसंबलेला लेखक कृष्णविवराला न्हाणीघरातील मोरीच्या भोकासारखे वागवितो आणि आसपासचे तारे, ग्रह, याने त्यात ओढली जाऊ लागतात.

आता त्या वस्तूचा खरा ‘तर’ पाहावा. सूर्याचे सारे द्रव्य जर सुमारे तीन किलोमीटर त्रिज्येच्या गोलात दाबले गेले, तर त्याचे कृष्णविवर होईल. परंतु पृथ्वी त्यात ओढली जाणार नाही. वस्तुमान तेच व अंतर तेच, म्हणून तिची कक्षा यत्किंचितही बदलणार नाही. वर्ष तेवढेच लांब राहील, चंद्र पृथ्वीभोवती फिरत राहील, पण तो कोणाला दिसणार नाही. अंधारात व गोठविणाऱ्या थंडीत पंचांग मात्र अचूक चालेल. मोरीच्या भोकापेक्षा हे चित्र अधिक भयंकर आहे, आणि ते केवळ नियम पाळल्याने हाती आले आहे.

‘धूमकेतू’ या शब्दाचा प्रकारही असाच आहे. धूर हा ज्याचा ध्वज तो धूमकेतू; पण त्याच्या पुच्छात धूर नसतो, धूळ व वायू असतात. या नामातील ध्वजाने युद्ध, दुष्काळ, राजाचा मृत्यू असे अनेक अर्थ परंपरेने त्याच्याशी जोडले. नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेचे वैशिष्ट्य हे की तिच्यात शब्दाचे हे दोन्ही संसार एकाच घरात आणून ठेवले आहेत. एका हौशी निरीक्षकाला नवा धूमकेतू सापडतो. तो पृथ्वीवर आदळणार असे गणिताने निघते. शास्त्रज्ञ अंतराळात स्फोट घडवून त्याला मार्गावरून ढळवितात. आणि इकडे त्या निरीक्षकाच्या घरी शांतीचा यज्ञ होऊन संकटनिवारणाचे श्रेय त्या यज्ञाकडे जाते.

या कथेचे शास्त्रीय अधिष्ठान एका साध्या नियमावर आहे. दूर असलेल्या वस्तूला अल्पसा धक्का पुरतो. जवळ आलेल्या वस्तूला प्रचंड धक्काही पुरत नाही. येथे बळापेक्षा वेळेला महत्त्व असल्यामुळे त्या निरीक्षकाने कोणत्या रात्री आकाश पाहिले, हेच कथानकाचे मर्मस्थान बनते. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या अंतराळसंस्थेने ‘डार्ट’ हे यान सुमारे १६० मीटर व्यासाच्या डायमॉर्फॉस या लघुग्रहचंद्रावर मुद्दाम आदळविले आणि त्याच्या ११ तास ५५ मिनिटांच्या प्रदक्षिणाकाळात अर्ध्या तासाहून थोडी अधिक घट झाली. कथेतील साधन वेगळे होते, नियम तोच होता. मात्र या प्रयोगाने कथेला मोठेपणा आला असे समजणे चूक होय. भाकीत खरे ठरणे हे ज्योतिषाचे यश. कथेचे यश तिच्या ‘तर’ने पात्रांना काय करावयास लावले यात पाहिले पाहिजे.

गुणांबरोबर दोषही सांगणे अवश्य आहे. मराठी विज्ञानकथेत एक जाणता शास्त्रज्ञ आणि एक अजाण मित्र, पत्नी किंवा पत्रकार अशी जोडी पुनःपुन्हा येते. अजाण पात्र ‘म्हणजे काय?’ असे विचारते व जाणते पात्र दीड पृष्ठ बोलते. रूपाने हा संवाद असला तरी भाषिक व्यापाराच्या दृष्टीने तो पाठ्यपुस्तकातील प्रश्नोत्तराचा प्रकार आहे. नारळीकरांच्या कथाही या दोषापासून सर्वस्वी मुक्त नाहीत. स्पष्टीकरण दिल्याने कथेला विज्ञानाचे अधिष्ठान लाभते, हा समज त्याच्या मुळाशी असावा. परंतु स्पष्टीकरण हे कथेबाहेरचे असते, आणि अधिष्ठान तिच्या घटनाक्रमातच असावे लागते. सूर्य विझल्यावरही पंचांग अचूक चालते, हे दाखविणाऱ्या कथेला गुरुत्वाकर्षणावर व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

४

‘विवर’ हा शब्द ज्या ठिकाणी अवयवार्थासह खरा ठरतो ते ठिकाण वऱ्हाडातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर बेसाल्ट खडकात आघाताने पडलेले आहे व त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. ते ज्वालामुखीचे मुख असावे असा समज दीर्घकाळ होता. आघाताच्या प्रचंड दाबाखालीच निर्माण होणारी काच तेथील खडकात सापडल्याचे संशोधन १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि उल्कापाताचा पक्ष भक्कम झाला. आकाश, भूगर्भ, रसायन आणि पुराण ही चारही एकाच कड्यावर उभे राहून दिसावीत असे स्थळ विज्ञानकथेला यापरते दुसरे कोणते मिळणार?

अशा कथेचा एक सहज सुचणारा आराखडा घ्यावा. विष्णूने लवणासुराचा वध केला, ही लोणारची कथा. तेथील दैत्यसूदनाचे मंदिर तिची साक्ष देते. ही पुराणकथा म्हणजे त्या आघाताची लोकस्मृती होय, अशी कल्पना कोणालाही मोहविणारी आहे. ‘जर’ म्हणून ती घ्यावयास हरकत नाही. आता ‘तर’ विचारावा. लोणारच्या विवराचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे निघाले होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरगॉन-पद्धतीच्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. दोहोंत अकरा पटींचा फरक आहे. आधुनिक मानवाचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हा दुसरा आकडा स्वीकारला तर आघात पाहणारा मनुष्य आपल्या जातीचा असू शकत नाही. पहिला स्वीकारला तर साक्षीदार मिळू शकेल. पण त्याने पाहिलेले पन्नास हजार वर्षे कोणत्या भाषेतून उतरत आले, हा प्रश्न उभा राहतो. तौलनिक भाषाशास्त्राची दृष्टी फार तर आठ-दहा हजार वर्षे मागे पोहोचते. त्यापलीकडे शब्दांचे नाते ओळखता येत नाही. मग एका घटनेचे वर्णन अबाधित राहिले असे कसे मानावयाचे?

येथे कथा संपली असे नाही. उलट दोन भिन्न कथांचे दरवाजे येथे उघडतात. एकीत साक्षीदार मानव नसतो, आणि मानवेतर साक्षीची भाषा कशी असेल हा तिचा विषय होतो. दुसरीत खारे पाणी पाहून माणसांनी नंतर असुर कल्पिला, म्हणजे पुराण हे स्मरण नसून स्पष्टीकरण होते, हा विषय होतो. दोन्ही कथा स्मृतीच्या कथेहून खोल आहेत. लेखकाने वयाचा आकडा डावलला असता तर यांपैकी एकही त्याला सुचली नसती.

लोणारच्या पाण्याचेही असेच आहे. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले. उन्हाने पाणी आटले, म्हणून क्षारता वाढली. क्षारता वाढली, म्हणून खारप्रिय सूक्ष्मजीव फोफावले. ते आपल्या शरीरात रंगद्रव्य बाळगतात, म्हणून पाणी रंगले. तीन वेळा ‘म्हणून’ आले आणि चमत्कार घटनेत परिणत झाला. दुबळ्या विज्ञानकथेत या ‘म्हणून’ची जागा एकच ‘मुळे’ घेते : ‘एका अज्ञात शक्तीमुळे पाणी लाल झाले.’ मराठीतील हे शब्दयोगी अव्यय लेखकाला फार सोयीचे आहे, कारण ते कारणाचे नाव सांगते आणि कारणाचा मार्ग लपविते. कथेची परीक्षा करू इच्छिणाऱ्याने तीतील ‘मुळे’ आणि ‘म्हणून’ मोजून पाहावेत. लोणारचे पाणी आणि वऱ्हाडी गृहिणीच्या हातचा पापडखार यांची रासायनिक सोयरीक आहे, हे ज्या लेखकाला ठाऊक असेल त्याला अज्ञात शक्तीची गरज पडू नये.

५

आतापर्यंतचे विवेचन वाङ्मयीन होते. परंतु विज्ञानकथेच्या वाचकावर जो संस्कार होतो तो पुस्तकाबरोबर मिटत नाही. विज्ञान म्हणजे किंमत न देता मिळणारे वरदान, असे एखाद्या वाङ्मयाने वाचकाला शिकविले, तर तो वाचक बाजारातही तसेच वरदान शोधू लागतो. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत हा धोका दोन ठिकाणी विशेष स्पष्टपणे दिसतो.

पहिले ठिकाण पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा. विहीर खणावी तर खारे पाणी लागते. ते पिण्यास चालत नाही आणि काळ्या जमिनीला दिल्यास जमिनीची घडण बिघडते. अशा प्रदेशात ‘एका तरुण शास्त्रज्ञाने चूर्ण टाकून विहिरी गोड केल्या’ अशी कथा लिहिणे सोपे आहे व ती वाचकाला प्रियही होईल. परंतु पाण्यातला खार नाहीसा होत नसतो. तो काढला तर कोठे तरी ठेवावा लागतो. चूर्णाने तो तळाशी बसविला तर विहिरीचा तळ भरत जाईल. यंत्राने वेगळा केला तर ऊर्जा लागेल आणि अधिक खारे असे पाणी मागे उरेल. ते कोणाच्या शेताकडे सोडावयाचे? या एका प्रश्नाबरोबर कथेत शेजारी येतो, ग्रामपंचायत येते, वरच्या आणि खालच्या गावाचे भांडण येते. द्रव्याच्या अविनाशित्वाचा नियम येथे रसायनाच्या पुस्तकातून उठून गावच्या चावडीवर जाऊन बसतो. वऱ्हाडातील ग्रामीण कथा आणि विज्ञानकथा या दोन शाखा एकमेकींना परक्या मानल्या जातात. त्यांचा संगम या ठिकाणी घडू शकतो.

दुसरे ठिकाण म्हणजे पऱ्हाटीचे शेत. अळीला मारणारे द्रव्य स्वतःच तयार करणारी कपाशी हे एके काळी कल्पितच वाटले असते. एका जिवाणूतील जनुक घालून तयार केलेल्या बी. टी. कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले. हा ‘जर’ प्रत्यक्षात उतरला. त्याचा ‘तर’ डार्विनच्या काळापासून ज्ञात होता. ज्या मोजक्या अळ्या विषाला दाद देत नाहीत त्याच जगतात, त्यांचीच प्रजा वाढते, आणि काही काळाने सारी जात दाद देईनाशी होते. ही गती मंद व्हावी यासाठी कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावण्याची शिफारस होती, आणि ती व्यवहारात फारशी पाळली गेली नाही. गुलाबी बोंडअळीने प्रथम एका जनुकाला, नंतर दोन्ही जनुकांना दाद देणे सोडले. २०१७ च्या हंगामात विदर्भातील कपाशीची तिने केलेली हानी सर्वश्रुत आहे.

अकोल्यास १९६९ पासून कृषिविद्यापीठ आहे. तेव्हा या प्रदेशात ज्ञान नव्हते असे म्हणता येत नाही. उणीव होती ती ज्ञान आणि लोकमानस यांच्यामधल्या कथेची. बियाण्याची जाहिरात ही देखील एक कथा असते, आणि तिच्यात ‘जर’ असतो, ‘तर’ नसतो. कडेच्या त्या ओळी जगण्यासाठी का आवश्यक आहेत, त्या न लावणाऱ्या एका शेतकऱ्याचा निर्णय शंभर शेतांत कसा पोहोचतो, हे उत्कटपणे सांगणारी विज्ञानकथा त्या काळात मराठीत घरोघर पोहोचली असती, तर अळी थांबली असती असे नाही. पण ‘मग पुढे काय?’ हा प्रश्न दुकानदाराला विचारण्याची सवय काही वाचकांना लागली असती. विज्ञानकथेने याहून अधिक उपयुक्तता मिरवू नये, आणि याहून कमी उपयुक्ततेवर समाधान मानू नये.

६

विज्ञान म्हटले की पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र इतक्यांचाच विचार होतो. भाषा हाही नियमबद्ध अभ्यासाचा विषय आहे, याचे विस्मरण विज्ञानकथाकारांना सर्वाधिक होते. दूरच्या ताऱ्यावरून आलेला प्राणी दुसऱ्या दिवशी अस्खलित मराठी बोलतो. सातशे वर्षांनंतरच्या जगात सारे बदललेले असते, फक्त पात्रांचे मराठी आजच्या वर्तमानपत्रातले राहते. गतीचा नियम मोडलेला ज्या लेखकाला खपत नाही, तोच लेखक भाषेचे सारे नियम निर्धास्तपणे मोडतो.

सातशे वर्षांत भाषेचे काय होते हे पाहण्यासाठी अमरावती जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. महानुभाव पंथाचे पवित्र क्षेत्र रिद्धपूर याच जिल्ह्यात आहे, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’चे त्या परिसराशी निकटचे नाते आहे. ते मराठी गद्य आहे, तरी आजच्या मराठी वाचकाला त्यासाठी टीपा लागतात. प्रत्यय बदलले, उच्चार बदलले, ओळखीच्या शब्दांचे अर्थ सरकले. आजही अमरावती-अकोल्याच्या खेड्यात ‘मला, तुला’ याऐवजी ‘मले, तुले’ ऐकू येते व ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. म्हणजे बदल हा काळात जसा आहे तसा देशातही आहे. जर एखाद्या कथेत मानवांची वसाहत तीनशे वर्षे मंगळावर एकाकी राहिली, तर तिची बोली पृथ्वीवरील मराठीपासून दूर गेली असलीच पाहिजे. पृथ्वीवरून गेलेल्या दूताला ती अर्धीच समजेल, आणि त्या अर्धवट समजण्यातून गैरसमज, विनोद, कदाचित युद्धही उद्भवेल. हा ‘तर’ मराठीत अद्याप फारसा कोणी वापरलेला नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. वऱ्हाडच्या बाजारात कान उघडे ठेवणारा लेखक पुरेसा आहे.

७

या साऱ्या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, विज्ञान सतत बदलते. मग त्याला बांधलेली कथा त्याच्याबरोबर शिळी होणार नाही काय? मंगळावरील प्रगत प्राणी ही १८९८ मधील वेल्सची कल्पना आज कोणी खरी मानत नाही. तथापि त्याची ती कादंबरी आजही वाचली जाते. मंगळवासी जिंकतात आणि शेवटी पृथ्वीवरील सूक्ष्मजंतूंनी मरतात. ज्या प्राण्यांचा या जंतूंशी कधी संबंध आला नाही त्यांना प्रतिकारशक्ती असणार नाही, हा त्यातील ‘तर’ आजही शाबूत आहे. विज्ञानाच्या प्रगतीने कथेतील ‘जर’ कालबाह्य होतो. प्रामाणिकपणे काढलेला ‘तर’ सहसा टिकतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कथा ही माणसाविषयी असते. नियमांच्या हिशेबात माणूस हरवेल, असे काहींचे म्हणणे आहे. मराठीतील अनेक विज्ञानकथांत तो हरवलेला आहे, हेही मान्य केले पाहिजे. परंतु त्याचे कारण हिशेबाचा अतिरेक हे नाही. हिशेब अर्ध्यावर सोडणे हे आहे. तोफेपासून चंद्रापर्यंतचे अंतर मोजणारा लेखक प्रवाशाच्या छातीवरचा भार मोजावयाचे विसरतो. खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी काढणारा लेखक उरलेले पाणी ज्याच्या बांधावर जाते त्या शेजाऱ्याला विसरतो. ‘तर’चा माग शेवटपर्यंत घेतला म्हणजे तो अखेरीस कोणाच्या तरी देहाशी, घराशी किंवा शेताशी येऊनच थांबतो. कथालेखक आणि शास्त्रज्ञ यांच्या वाटा तेथपर्यंत एकच असतात. शास्त्रज्ञ जेथे थांबतो तेथून पुढचे एक पाऊल कथालेखकाला टाकावयाचे असते.

वऱ्हाडातील नव्या लेखकांजवळ या पावलासाठी लागणारी सामग्री विपुल आहे. आघाताने पडलेले विवर, खाऱ्या पाण्याचे खोरे, विषाला न जुमानणारी अळी आणि सातशे वर्षांच्या अंतरावर ऐकू येणारी आपलीच भाषा, यांतील प्रत्येक गोष्ट एक ‘जर’ घेऊन उभी आहे. त्यांनी त्यांपैकी कोणताही निवडावा. समीक्षकाने त्यांना निवडीचा जाब विचारू नये. मात्र त्यातून निघणाऱ्या ‘तर’चा शेवटचा आणाही वसूल झाल्यावाचून त्यांची कथा उत्तीर्ण झाली असे म्हणू नये.